नोझलची टकटक : बुरोंडी किनाऱ्यावरच्या एका कारागिरीचा इतिहास

दापोलीहून बुरोंडीला उतरणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. पर्यटक परशुरामाचा पुतळा बघायला येतात, लाडघरच्या किनाऱ्यावर फिरतात, आणि परतताना त्यांच्यातला एखादा माझ्या दारात गाडी थांबवतो. तक्रार ठरलेली असते : "बॉनेटखालून टकटक येतेय, इंजिन गेलं का हो?" बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. आवाज असतो डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे पंप, नळ्या आणि नोझल यांचा. तो नेमका कुठून येतो हे ओळखायचं आणि तो थांबवायचा, हा आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेला धंदा. आमच्या किनाऱ्यावर ही विद्या मोटारीबरोबर आली नाही. ती पिठाच्या गिरणीतून आणि मासेमारीच्या होडीतून आली आणि मग गाडीपर्यंत पोचली. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

माझे आजोबा शिडाच्या होडीवर तांडेल होते. त्यांच्या काळात बंदरातून निघायचं ते वाऱ्याचा आणि भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन. वारा पडला की वल्ही मारायची. यंत्राची बोट म्हणजे मुंबईहून येणारी आगबोट. ती हर्णैला आणि दाभोळला लागायची. हर्णैला धक्का नसल्याने उतारू आणि त्यांची गाठोडी होडीतूनच किनाऱ्यावर आणायची. ती आगबोट वाफेवर चालायची. तिच्या बॉयलरशी गावातल्या माणसाचा संबंध नव्हता, तिची दुरुस्ती मुंबईच्या गोदीत व्हायची. गावात यंत्र आलं, बिघडलं आणि गावानेच ते दुरुस्त केलं, हे डिझेल इंजिनापासून सुरू झालं.

रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडलं की ते आपोआप पेटेल, ही त्याची कल्पना. स्पार्क प्लग नको, ठिणगी नको. पण इतक्या दाबलेल्या हवेत तेल घुसवायचं कसं? डिझेलने ते दुसऱ्या, आणखी जास्त दाबलेल्या हवेने फुंकून आत सोडलं. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. इंजिन एवढं अवजड व्हायचं की ते कारखान्यात नाहीतर जहाजातच बसवता यायचं. १९१३ मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. आपलं इंजिन मोटारीत आणि मचव्यात बसलेलं पाहायला तो राहिला नाही.

कॉम्प्रेसरची ती अडचण सोडवली पंपाने. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२२ पासून त्यावर काम केलं आणि १९२७ मध्ये डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. बॅरलमध्ये सरकणारा पोलादी प्लंजर, वरती डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तिथून जाड भिंतीची बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला स्प्रिंगने दाबून धरलेली सुई. प्लंजरने दाब दिला की सुई उचलते, डिझेल धुक्यासारखं फवारलं जातं, दाब उतरला की स्प्रिंग सुईला परत सीटवर आपटते. ते आपटणं म्हणजे नोझलची टक. प्रत्येक इंजेक्शनला एक टक होणारच, ती यंत्राचीच चाल आहे. मेस्त्रीचं काम सुरू होतं ते ही टक बदलली की.

आपल्या मुलखात अशी इंजिनं लवकर आली. १९३० च्या दशकातच साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्याने देशी डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं. विलायतेहून लिस्टरची संथ चालीची इंजिनं यायची, आणि पुढे राजकोटचे कारखाने त्याच धाटणीची इंजिनं बनवू लागले. वीज यायच्या आधी कोकणातल्या गावांत पिठाची आणि भाताची गिरणी ह्याच इंजिनांवर चालायची.

लिस्टरचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. फोर स्ट्रोकच्या हिशेबाने दोन फेऱ्यांना एक इंजेक्शन, म्हणजे मिनिटाला ३२५, सेकंदाला पाचाच्या थोडं वर. हा वेग माणसाच्या कानाला सुटा सुटा ऐकू येतो. एक ठोका चुकला तरी गिरणीवाल्याला दळता दळता कळायचं. माझ्या वडिलांनी इंजिन ऐकायला सुरुवात केली ती अशा गिरणीत, पोरवयात. गिरणीचा मालक त्यांना नोझलच्या नळीवर बोट टेकवायला सांगायचा. इंजेक्शन बरोबर होत असेल तर नळीत दर वेळी कडक ठोका लागतो. नोझल गळत असेल तर ठोका मऊ लागतो, नोझल अडकला असेल तर हाताला झिणझिण्या येतील असा जोरात लागतो. आज माझ्याकडे स्कॅनर आहे, तरी जुन्या इंजिनावर मी आधी नळीला बोट लावतो.

मासेमारीच्या होड्यांना इंजिनं बसू लागली ती प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर. केरळात १९५२ च्या करारातून इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला आणि तिथे यांत्रिक बोटींचे नवे आकार आले. आपल्याकडे बव्हंशी जुन्या घडणीच्या होडीतच मागच्या बाजूला इंजिन बसवलं, सहकारी सोसायट्यांमार्फत कर्ज मिळालं, आणि शिडाची काठी हळूहळू उतरली. पुढे बोटीची ओळखच सिलिंडरवरून होऊ लागली. एक सिलिंडर, दोन सिलिंडर, आणि मग लेलँडची सहा सिलिंडर. आजही बंदरावर "बोट केवढी?" म्हणून विचारलं तर उत्तर सिलिंडरमध्ये येतं.

वडील बोटीवर इंजिन ड्रायव्हर म्हणून लागले आणि तिथेच मेस्त्री झाले. समुद्रात इंजिन बंद पडलं तर टो करायला दुसरी बोट येईपर्यंत जीव टांगणीला, म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला फिल्टर बदलणं, एअर काढणं आणि नोझल उतरवणं यावंच लागायचं. ह्या शिक्षणाची सरकारी सोयही आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात आणि रत्नागिरीला असं केंद्र आहे. पण बहुतेकांचं शिक्षण बोटीवरच झालं.

समुद्राने आम्हाला एक गोष्ट रस्त्यावरच्या मेस्त्रींच्या आधी शिकवली, ती म्हणजे डिझेलमधलं पाणी. प्लंजर आणि बॅरल, सुई आणि तिचं घर ही जोडीनेच घासून बसवलेली असतात. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची, जेमतेम दोन ते चार मायक्रॉन. केस ह्याच्या कितीतरी पट जाड असतो. ह्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेलच वंगणाचं काम करतं. तिथे खारं पाणी गेलं की रात्रीत गंज धरतो, सुई चिकटते, आणि सकाळी इंजिन टकटक करत काळा धूर सोडतं. म्हणून बोटीवर नियम असायचे. टाकीचं झाकण लाटेच्या बाजूला उघडायचं नाही. डिझेल ओतताना फडक्यातून गाळायचं. दर्यावर निघण्याआधी टाकीच्या तळाचा कॉक उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. वडिलांनी ही बाटली आयुष्यभर सोडली नाही.

पावसाळा हा दुरुस्तीचा हंगाम. सध्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारल्या की इंजिनांची कामं निघतात. नोझल-पंप पोत्यात गुंडाळून बोटीचे मालक आमच्या पडवीत आणून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळं तयार लागायचं. कुठला पंप कुठल्या बोटीचा हे वडील पत्र्याच्या चकतीवर खुणा करून बांधून ठेवत, कारण एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही.

सुटे भाग आधी परदेशी, महाग आणि मिळायला उशीर. १९५१ मध्ये बेंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आम्हा लोकांची मायको, स्थापन झाली आणि बॉशच्या धर्तीचे पंप देशात बनू लागले. पुढे नाशिकला तिचा कारखाना झाला, तिथे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण आमच्या बोलण्यात आजही पंप मायकोचाच. नाशिकचा नोझल हाताशी मिळू लागला तेव्हा कोकणातल्या मेस्त्रीला पहिल्यांदा जुना आणि नवा शेजारी ठेवून पारखता आले.

नोझल पारखायचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तो उघडून स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचा. कापसाच्या चिंध्या वापरायच्या नाहीत, धागा राहतो. सुईला बोटांनी धरायचं ते मागच्या टोकाला, कारण घासलेल्या भागावर घामाचे ठसे उठले तर तिथेच गंज बसतो. मग सुई डिझेलमध्ये बुडवून तिच्या घरात सरकवायची, घर तिरकं धरायचं, सुई एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची. चांगल्या जोडीत सुई स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली उतरते. धपकन पडली तर जोडी झिजली. मध्ये थांबली तर घाण आहे किंवा सुई वाकली आहे.

मग नोझल टेस्टरवर चढवायचा. टेस्टर म्हणजे हाताचा दांडा, छोटी टाकी आणि दाबाचा घड्याळासारखा काटा. दांडा सावकाश दाबला की काटा चढतो. पिंटलच्या, म्हणजे सुईच्या टोकाला खुंटी असलेल्या, नोझलची सुई साधारण १०० ते १३० बारला उघडते, भोकांच्या नोझलची १७५ ते २५० बारला. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भरलं तर स्प्रिंगमागे पातळ शिम टाकायची, जास्त भरलं तर काढायची. आता ऐकायचं. चांगला नोझल दांडा दाबताना किरकिरतो, सुई झटपट उघडते आणि मिटते. तो आवाज आला की सीट चांगली आहे. आवाज न येता धार लागली तर सीट गेली. शेवटी दाब थोडा खाली ठेवून टोकाकडे बघत राहायचं. टोक कोरडं राहिलं पाहिजे. तिथे थेंब लोंबला तर तोच थेंब इंजिनात अवेळी जळतो आणि मालकाला टकटक म्हणून ऐकू येतो. ह्या सगळ्यात हात फवाऱ्यासमोर कधीही न्यायचा नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी बोट कापायची वेळ येते. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला मी दांड्याला हात लावू देण्याआधी हे सांगतो.

रस्ता पक्का होत गेला तशी ही विद्या गाड्यांकडे वळली. १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. कोकणात एसटी आणि ट्रक आले, मग डिझेलच्या जीपगाड्या वडापला लागल्या. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त, म्हणून भाड्याच्या गाडीला डिझेलच. त्यांचं इंजिन आणि बोटीचं इंजिन एकाच जातीचं. वडापची जीप टकटक करत आली की वडील तेच करत जे बोटीत करत. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट पाऊण फेरा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडतं, तिथला जाळ बंद होतो. ज्या नटाला टकटक थांबली तो सिलिंडर गुन्हेगार. कुठल्याच नटाला फरक पडला नाही, तर आवाज जळण्याचा नाही, दुसरीकडे शोधायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती कळायला वर्षं लागतात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, आणि नोझल दोघेही इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदाच वाजतात. दोघांची लय एकच, त्यामुळे नुसत्या वेगावरून ते वेगळे काढता येत नाहीत. जागा ओळखावी लागते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची. टॅपेटचा आवाज व्हॉल्व्ह कव्हरवर भरतो, नोझलचा त्याच्या बॉडीवर. नट ढिला केला तरी टॅपेट वाजतच राहतो. बेअरिंगचा ठोका खाली क्रँककडे आणि जड असतो.

जळण्याचा ठोका का होतो तेही सांगतो. डिझेल आत गेलं की लगेच पेटत नाही, क्षणभर उशीर होतो. त्या उशिरात जितकं जास्त डिझेल साठेल तितकं ते एकदम भडकतं. टायमिंग पुढे सरकलं, नोझल कमी दाबाला उघडला किंवा गाडी थंड असली की हा उशीर वाढतो आणि ठोका कर्कश होतो. म्हणून सकाळची गाडी थोडी वाजते आणि तापली की निवते. तापल्यावरही निवली नाही तर मेस्त्रीकडे यावं.

१९९७ मध्ये युरोपात कॉमन रेलच्या डिझेल कार विकायला आल्या आणि दहा-बारा वर्षांत त्या आमच्या रस्त्यावरही दिसू लागल्या. इथे पंपाने फक्त दाब तयार करायचा आणि तो एका सामाईक नळीत, रेलमध्ये, साठवायचा. कधी आणि किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पहिल्या पिढीत दाब १३५० बारपर्यंत होता, आता २००० च्याही पुढे आहे. मुख्य फवाऱ्याआधी कॉम्प्युटर थेंबभर डिझेल आत सोडून जाळ हळुवार पेटवतो, म्हणून ह्या गाड्या शांत चालतात. पण आमची नट ढिला करायची पद्धत इथे जीवघेणी आहे. रेलचा नट चालू इंजिनात कधीच सोडायचा नाही. ही एक सवय आम्हा जुन्या मेस्त्रींना निश्चयाने मोडावी लागली.

त्याऐवजी आता छोट्या बाटल्या वापरायच्या. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत पाठवतो. चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि गाडी चालू ठेवायची. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा फार जास्त भरलं तो इंजेक्टर आतून झिजला. बोटीवर डिझेलमधलं पाणी बघणारी बाटली आणि ही बाटली यांत मला एकच परंपरा दिसते. जे आत दिसत नाही ते काचेत उजेडासमोर आणायचं.

मागे एक कुटुंब पुण्याहून आलं होतं. गाडी लहान डिझेलची, कॉमन रेल. चढावर टकटक, आणि एसी लावला की आत धुराचा वास. एका ठिकाणी त्यांना हेड उघडावं लागेल, मोठा खर्च आहे, असं सांगितलं होतं. मी स्कॅनर लावला, त्यात दोष दिसला नाही. बाटल्या लावल्या, चारही सारख्या भरल्या. मग वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. तिसऱ्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर साचला होता. जवळ कान नेला तर टकटकीबरोबर बारीक फुस्स असा श्वास येत होता. इंजेक्टरच्या तळाशी तांब्याचा वॉशर असतो, तो सिलिंडरमधला वायू अडवतो. तो बसला नव्हता, प्रत्येक जाळाला वायू बाहेर फुटत होता.

आमच्या खाऱ्या, दमट हवेत इंजेक्टर भोकात घट्ट बसून राहतो. त्यावर गंज सोडवणारं तेल सोडून थांबलो आणि मग पुलरने सरळ वर ओढला. खालची सीट कटरने हाताने घासली, भुगा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून भोकात ग्रीस लावलेलं फडकं दिलं आणि शेवटी हवेने झाडून घेतलं. नवा वॉशर, क्लॅम्पचा नवा बोल्ट, टॉर्क पान्याने ठरल्याइतकाच ताण. इंजेक्टर त्याच सिलिंडरमध्ये परत गेला, म्हणून कॉम्प्युटरला नवा कोड द्यावा लागला नाही. टकटक गेली आणि वासही गेला. लागलेला मुख्य माल म्हणजे एक तांब्याची चकती. स्कॅनरमध्ये काही दिसलं नाही कारण तिथे वायू फुटतोय हे सांगणारा सेन्सरच नसतो. तिथे अजून कान आणि डोळेच लागतात.

पेट्रोल गाडीवाल्यांनीही एक समजून घ्यावं. २००० च्या सुमाराला कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्या इंजेक्टरमध्ये विजेचं चुंबक सुई उचलतं आणि सोडतं, त्याची टिकटिक हलकी आणि एकसारखी असते. चार सिलिंडरची गाडी ८०० फेऱ्यांवर उभी असेल तर मिनिटाला १६०० वेळा. ती दुरुस्त करायची नसते. चारांपैकी एक गप्प झाला तर दुरुस्ती असते.

आज माझी तळमळ वेगळीच आहे. टेस्टरवर नोझल पारखणारे, शिम टाकून दाब जुळवणारे हात ह्या किनाऱ्यावर कमी होत आहेत. पार्ट बदलून मोकळं होणं सोपं वाटतं, आणि इंजेक्टरचा अख्खा संच बदलला की गरीब बोटवाल्याचा हंगाम कर्जात जातो. कित्येकदा दोष वॉशरचा, फिल्टरमधल्या पाण्याचा किंवा एका सुईचा असतो. तो शोधायची विद्या आमच्या वडिलांच्या पिढीने गिरणीत आणि समुद्रात, कुठल्या पदवीशिवाय कमावली. आयटीआयमध्ये आणि मत्स्य प्रशिक्षण केंद्रांत स्कॅनरबरोबर हातटेस्टरही ठेवावा, आणि जुन्या मेस्त्रींना तिथे शिकवायला बोलवावं. तोवर माझ्या गॅरेजची पडवी उघडी आहे. बुरोंडी, लाडघर, कोळथरेच्या ज्या पोराला शिकायचं असेल त्याने पावसाळ्यात यावं. तेव्हा बोटींचे नोझल येतात आणि शिकायला भरपूर काम असतं.